अंगणातली शहाबादी आणि खालून येणारं पाणी

सातारा शहराच्या दक्षिण कडेला, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, चढावर एक बैठं घर आहे. घरापुढे तीस फूट बाय वीस फुटांचं अंगण. त्यात दोन फुटी चौकोनी शहाबादी फरशी, एकूण दीडशे नग. दक्षिणेला, म्हणजे डोंगराच्या अंगाला, कंपाउंडची भिंत आणि तिला लागून फुलझाडांचा वाफा. पूर्वेला फाटक आणि रस्त्याचं गटार. अंगणात तुळशीवृंदावन, पश्चिमेच्या कोपऱ्यात जुनं जांभूळ. फरशी घालून सहा वर्षं झाली होती. मी दगडी फरशीची कामं करतो. मला बोलावणं आलं ते श्रावणात, पावसाने जरा उघडीप दिल्यावर. फोनवर घरच्या काकू म्हणाल्या, "फरशीची सालं निघायला लागलीत आणि सासूबाई पडल्यात. एकदा येऊन बघा."

आजींच्या मनगटाला प्लास्टर होतं. तुळशीला पाणी घालायला जाताना पाय घसरला आणि पडताना हात टेकला गेला. त्यामुळे हे काम माझ्यासाठी निव्वळ डाग घालवण्याचं राहिलं नाही.

आधी काय काय झालं होतं ते काकूंनी सांगितलं. पहिली दोन वर्षं फरशी छान होती. मग दर पावसाळ्यानंतर भिंतीकडच्या बाजूला पांढरी भुकटी दिसायला लागली. कोणीतरी सांगितलं म्हणून अॅसिडने धुतली. आठवडाभर लखलखीत दिसली, नंतर भुकटी दुपटीने आली. पुन्हा अॅसिड. शेवटी त्या वर्षीच्या मे महिन्यात एका दुकानदाराच्या सांगण्यावरून चकाकी देणारं कोटिंग मारलं, दोन हात. "पाणी आत शिरणारच नाही," असं त्याने सांगितलं होतं. जूनमध्ये अंगण निसरडं झालं, जुलैत तो थर दुधाळ झाला आणि ऑगस्टमध्ये पापुद्रे सुटले.

दुकानदार अगदीच खोटं बोलला नव्हता. वरून पाणी आत शिरत नव्हतंच. पाणी येत होतं खालून, आणि त्याची बाहेर पडायची वाट त्या कोटिंगने बुजवली होती. पण हे मला पहिल्या भेटीत कळलं नाही.

पहिल्या भेटीत मी नखाने पापुद्रा उचलला. खालचा दगड ओलाच होता. जिथे थर पूर्ण गेला होता तिथे हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागला. ते अॅसिडचं काम. आपल्याकडे लोक दगड म्हटलं की काळा दगड डोळ्यांपुढे आणतात. इथून जवळच संगम माहुलीचे घाट आहेत, नदीच्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या उभे आहेत. तो बेसॉल्ट. शहाबादी हा त्या जातीचा दगड नाही. तो चुनखडक आहे, कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबाद भागातून येतो. तांदूर, कडप्पा, कोटा हेही सगळे चुनखडकच. चुनखडकात मुख्यतः कॅल्साइट असतं आणि अॅसिड पडलं की ते फसफसून विरघळतं. म्हणजे अॅसिड डागाखालचा दगडच खातं, म्हणून तर फरशी आठवडाभर नवी दिसते. शिवाय हायड्रोक्लोरिक अॅसिडची चुन्याशी क्रिया झाली की कॅल्शियम क्लोराइड तयार होतं. हा क्षार हवेतला दमटपणा ओढून घेतो. नीट धुऊन निघाला नाही तर सांध्यांत बसून राहतो आणि फरशीला कायम ओलसर ठेवतो. पांढरी भुकटी घालवायला वापरलेल्या अॅसिडने अंगणात आणखी क्षार भरला होता.

काकूंना हे पटावं म्हणून मी मागच्या अंगणात पडलेल्या एका शिल्लक फरशीवर अर्धं लिंबू पिळलं. बारीक बुडबुडे आले. पाच मिनिटांनी धुतलं, तर तिथे निस्तेज गोल डाग राहिला. काकू बराच वेळ त्यावर बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे बाथरूमचं ते निळं लिक्विडसुद्धा नको." नकोच. चिंच, व्हिनेगर, आमसुलाचं पाणी, काहीच नको.

मग हातोडीच्या दांड्याने एकेक फरशी वाजवत गेलो आणि पोकळ वाजेल तिच्यावर खडूने फुली मारली. दीडशेपैकी एक्केचाळीस पोकळ, आणि त्यातल्या तेहतीस एकट्या भिंतीकडच्या आठ फुटी पट्ट्यात. घालणाऱ्याने तिथे सिमेंटच्या मालाचा पूर्ण थर, म्हणजे बेड, न देता चार कोपऱ्यांना आणि मध्ये मालाचे गोळे ठेवून फरशी दाबली होती. अशा फरशीखाली हवेचे कप्पे राहतात आणि पावसाळ्यात त्यांच्या पाण्याच्या कुंड्या होतात. चढउतार ट्यूब लेव्हलने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, पाहिला. घराच्या पायरीपासून बारा फुटांत जेमतेम इंचभर ढाळ, आणि भिंतीकडचा आठ फुटांचा पट्टा जवळजवळ सपाट. उघड्यावरच्या दगडी फरशीला दर दहा फुटांना दीड ते दोन इंच ढाळ मी मागतो. त्याहून कमी असला की पाणी वाहून न जाता जागेवर सुकायची वाट बघतं.

तेवढ्यावर माझं मत झालं, की पोकळ बेड आणि कमी ढाळ हेच कारण. चुकीचं नव्हतं, पण अपुरं होतं.

"आता काय करायचं?" काकूंनी विचारलं.

"कोजागिरीपर्यंत काही नाही. पाऊस चालू असताना दगड काय सांगतोय ते ऐकू येत नाही."

त्यांचा मुलगा पुण्याला असतो. तो फोनवर होता. त्याला हे अजिबात आवडलं नाही. अधिक महागाचं, चांगल्या कंपनीचं सीलर, म्हणजे पाणी-डाग रोखायला दगडावर लावायचं द्रावण, आणतो म्हणाला. मी त्याला एवढंच सांगितलं, की दगड आतून ओला असताना त्यावर काहीही मारलं तरी मे महिन्याचीच गोष्ट पुन्हा होईल. दरम्यान आजींसाठी दारापासून वृंदावनापर्यंत काथ्याची पट्टी अंथरली. तिथल्या सहा फरशांवरचं कोटिंग मात्र लगेच काढून टाकलं, खरवडून नव्हे, रंग काढायच्या जेलने.

कोजागिरीच्या सुमारास बारा दिवस सलग कोरडे मिळाले. मग चार ठिकाणचं कोटिंग काढलं, दगड उन्हात सुकू दिला आणि संध्याकाळी प्रत्येक ठिकाणी दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लॅस्टिक चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवलं. या साध्या चाचणीवर माझा फार विश्वास आहे. सकाळी पाहिलं तर फाटकाजवळचं प्लॅस्टिक कोरडं, घराच्या पायरीपाशीही कोरडं. भिंतीजवळच्या दोन्हींच्या खालच्या अंगाला मात्र घामासारखे थेंब, आणि दगड काळपट. माझ्याबरोबर आमचे जुने मिस्त्री होते. ते उकिडवे बसले, प्लॅस्टिकवर टिचकी मारली आणि म्हणाले, "सायेब, वरनं न्हाई. खालनं पाणी येतंया. डोंगराचं हाय हे."

बारा दिवस पाऊस नाही, तरी पाणी. डोंगर कसा रचलेला आहे ते पाहिलं की याचा उलगडा होतो. आपला दख्खनचा डोंगर म्हणजे थरांवर थर. कठीण काळा दगड, मध्ये मुरूम, मध्ये कुजलेला मऊ खडक. पावसाचं पाणी भेगांतून आणि मुरमातून खाली झिरपतं, कठीण थर लागला की आडवं सरकतं आणि उतार जिथे कापला असेल तिथे बाहेर येतं. घर बांधताना इथे उतार कापूनच सपाटी केली होती. म्हणजे अंगणाची दक्षिण कड ही त्या पाण्याची उघडी तोंडं. त्यातून ते फरशीखालच्या वाळूत आणि सिमेंटमध्ये शिरतं, केशाकर्षणाने सूक्ष्म छिद्रांतून वर चढतं, वाटेत क्षार विरघळवून घेतं, आणि पृष्ठभागावर पाणी उडून गेलं की क्षार मागे राहतो. तीच पांढरी भुकटी.

एक शंका राहत होती. वाफ्याला रोज संध्याकाळी नळी लावून पाणी घातलं जात होतं. मी काकूंना आठ दिवस वाफा कोरडा ठेवायला सांगितलं आणि पुन्हा प्लॅस्टिक लावलं. पूर्वेकडचा ओलावा बराच कमी झाला, पश्चिमेचा होता तसाच. म्हणजे एका टोकाला वाफ्याचं पाणी जास्त आणि दुसऱ्याला डोंगराचं.

आता मुलगा स्वतः आला होता. त्याने रास्त प्रश्न विचारला: "बाजारात श्वास घेणारं सीलर मिळतं ना? दगडात मुरतं, थर बसत नाही. ते मारलं तर?" त्याचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. सीलर ढोबळमानाने दोन प्रकारचे. एक पृष्ठभागावर थर करणारे, बहुधा अॅक्रिलिक. ते चकाकतात, ओले झाले की निसरडे होतात आणि खालून ओल आली की दुधाळ होऊन सुटतात. दुसरे दगडात मुरून छिद्रांच्या भिंतींना पाणी नकोसं करणारे. यातून वाफ बाहेर जाऊ शकते. पण खालून नुसती वाफ येत नव्हती, क्षाराचं पाणी येत होतं. अशा वेळी पाणी त्या नकोशा केलेल्या भागाच्या मागे थांबतं, तिथून वाफ होऊन जातं, आणि क्षाराचे स्फटिक पृष्ठभागावर न जमता दगडाच्या आत, काही मिलिमीटर खाली जमतात. ते वाढले की दगडाचीच खपली उडवतात. वरची भुकटी झाडूने निघते, उडालेली खपली परत बसत नाही. म्हणून आधी पाण्याची वाट बदलायची, सीलर त्यानंतर.

सगळी दीडशे फरशी उचलून ढाळ नव्याने काढणं हे खरं उत्तर होतं. घरच्यांची तेवढी ऐपत त्या वर्षी नव्हती आणि मीही आग्रह धरला नाही. भिंतीकडचा आठ फुटी पट्टा, म्हणजे साठ फरशा, उचलायचं ठरलं. वाफ्याच्या कडेने तीस फूट लांब, दीड फूट खोल चर खणला. पश्चिमेच्या टोकाला खणताना टिकाव दोन-चारदा पडताच चराची भिंत पाझरायला लागली. काकू चहा घेऊन आल्या होत्या. ट्रे हातात धरूनच बघत उभ्या राहिल्या.

चरात जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण गाळ अडवणारं कापड, त्यात खडी, खडीत चार इंची भोकांचा पीव्हीसी पाइप, आणि त्याचं तोंड फाटकाबाहेरच्या गटारात. कापड न घालता नुसता पाइप टाकला तर मुरमाचा गाळ दोन पावसाळ्यांत भोकं बुजवतो, म्हणून त्यावर काटकसर करू दिली नाही. वाफा आणि फरशी यांच्यात विटांची बुटकी भिंत घातली, आतून प्लॅस्टर करून.

पट्ट्यातली फरशी पूर्ण बेडवर घेतली. प्रत्येक नगाच्या पाठीला सिमेंटचा घट्ट रवाळ लेप आणि ठोकून बसवणं. वाळू धुतलेली, माल कालवायला बोअरचं नव्हे तर नळाचं पाणी. बोअरच्या जड पाण्यातला क्षार आपणच फरशीखाली भरायचा आणि वर शोधत बसायचं, हे मला कधी पटत नाही. ढाळ आठ फुटांत सव्वा इंच, आणि तो जिथे संपतो तिथे नऊ इंच रुंदीची कडप्प्याची पन्हळ, फाटकाकडे उतरती. सांधे सुतासुताचे न ठेवता पाच मिलिमीटरचे ठेवले आणि त्यांत माल दाबून भरला.

उरलेल्या नव्वद फरशांवरचं कोटिंग जेलने मऊ करून काढलं आणि खरखरीत झालेला पृष्ठभाग पॉलिशच्या मशिनने घासून घेतला. घासायच्या १२० नंबरच्या दगडावर थांबवलं. पॉलिशवाल्यांना आरशासारखी चमक द्यायची सवय असते. शेवटी ते ऑक्झॅलिक पावडर टाकतात, तेही अॅसिडच. दोन्हींना नको म्हटलं. घरातल्या माजघरात चमक ठीक, पण जिथे आजी ओल्या पायांनी चालणार तिथे पायाला धरणारा पृष्ठभाग हवा. कडप्प्याच्या पन्हळीला काळाभोर रंग यावा म्हणून एका कामगाराने डिझेलचा बोळा फिरवायला घेतला होता, तोही थांबवला. तेल पितो तो दगड धूळही धरतो.

मग डाग. हा भाग मला मनापासून आवडतो, कारण प्रत्येक डागाला त्या घराची सवय चिकटलेली असते.

वृंदावनाभोवती पणतीच्या तेलाचं काळपट वर्तुळ होतं. तेल पुसून निघत नाही, ते शोषून वर काढावं लागतं. चिनी मातीची पांढरी पूड मिनरल टर्पेंटाइनमध्ये कालवून अर्धा इंच थापली, प्लॅस्टिकने झाकली, टोचून चार भोकं पाडली आणि दोन दिवस सोडून दिली. पूड सुकताना तेल वर ओढते. मुलतानी मातीही चालते, पण तिचा पिवळेपणा फिकट दगडात उतरायची भीती असते. असं तीनदा केलं. वर्तुळ गेलं, सावली राहिली. चौथ्यांदा करायला आजींनीच नको म्हटलं: "राहू दे रे. तुळशीपाशी दिवा लावत होतो, दिसू दे की."

झोपाळ्याच्या लोखंडी पायांखाली गंज उतरला होता. गंजाला लोक हमखास अॅसिड लावतात. चुनखडकावर थायोग्लायकोलेटचं उदासीन, म्हणजे अॅसिडही नाही आणि अल्कलीही नाही असं, जेल वापरायचं. लोखंडाशी गाठ पडली की ते जांभळं होतं, आणि ते पाहून घरातली लहान मुलगी टाळ्या वाजवायला लागली. दोन हातांत डाग गेला, आणि झोपाळ्याच्या पायांना रबरी टोपणं बसवली. जांभळाच्या डागांना औषधाच्या दुकानातलं सहा टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड त्याच पांढऱ्या पुडीत कालवून लावलं. गेल्या वर्षी काकूंच्या मुलीच्या लग्नातल्या हळदीला सांडलेल्या हळदीचा पिवळा पट्टा काकूंनी धुण्याच्या पावडरीने घासला तेव्हा लाल झाला होता आणि त्या घाबरल्या होत्या. हळद अल्कलीत लालच होते, आपलं कुंकू पारंपरिक रीतीने चुना घालून असंच बनतं. साध्या पाण्याने धुतल्यावर पुन्हा पिवळी होते आणि उन्हात हळूहळू उडते. तिच्यावर एक रुपयाही खर्च केला नाही. रांगोळीच्या गुलाबी रंगाचे दोन डाग मात्र कशालाच बधले नाहीत. ते अजून आहेत.

सीलरला हात लावला तो थेट फेब्रुवारीत. सिमेंट सुकायला महिना गेलाच, त्याहून जास्त वेळ दगडाला दिला. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भिंतीकडच्या पट्ट्यावर पांढरी भुकटी आली, तेव्हा काकूंचा फोन आला, आवाजात काळजी. नव्या बेडमधला क्षार बाहेर पडत होता, तो पडलेलाच बरा. सांगितलं, कोरड्या ब्रशने झाडा आणि सुपलीत भरून बाहेर टाका, पाणी ओतू नका. पाण्याने तो पुन्हा विरघळून आत जातो. तिसऱ्या वेळी मूठभरही निघाला नाही.

आधी शिल्लक फरशीचे तीन तुकडे घेतले. एकाला सिलेन-सिलॉक्सेन जातीचं मुरणारं सीलर, दुसऱ्याला फ्लुओरोपॉलिमरचं, तिसरा कोरा. सात दिवसांनी तिन्हींवर पाणी, गोडेतेल, हळदीचं पाणी आणि लिंबू यांचे थेंब ठेवले. कोऱ्या तुकड्यावर पाण्याखालचा दगड काही मिनिटांत काळवंडला, बाकी दोन्हींवर थेंब मोत्यासारखा उभा राहिला. तेल सिलॉक्सेनवाल्यात तासाभरात उतरलं, फ्लुओरोपॉलिमरवर टिकलं. लिंबाने तिन्ही तुकड्यांवर सारखाच डाग पाडला. मुलाला मी तो लिंबाचा निकाल मुद्दाम दाखवला. सीलर डाग आत जाऊ देत नाही किंवा उशिरा जाऊ देतो. अॅसिडपुढे मात्र त्याचं काही चालत नाही, कारण ते दगडाला पृष्ठभागावरच खातं. शिवाय सिलेन-सिलॉक्सेनची पकड काँक्रीट, वीट, वालुकाश्म यांच्यावर जशी बसते तशी चुनखडकावर बसत नाही, कारण त्याला जोडून घ्यायला सिलिकाचा पृष्ठभाग हवा असतो. म्हणून महाग असूनही फ्लुओरोपॉलिमर घेतलं.

आणि ते फक्त घराकडच्या नव्वद फरशांना, म्हणजे ३६० चौरस फुटांना लावलं. भिंतीकडचा पट्टा एक पूर्ण पावसाळा उघडाच ठेवायचा, हा माझा हट्ट होता. सकाळी दगड गार असताना, मऊ कापडाने भिजेल इतकं लावायचं आणि दहा-पंधरा मिनिटांत वर राहिलेलं कोरड्या कापडाने टिपून घ्यायचं. टिपलं नाही तर चिकट पट्टे उरतात. शहाबादी घट्ट दगड, फार पीत नाही. दोन हातांना मिळून तीन लिटर लागलं. द्रावण ज्वलनशील होतं, म्हणून त्या संध्याकाळी आजींनी तुळशीचा दिवा देवघरात लावला. त्यांनी ते विनातक्रार केलं, पण मला दहा वेळा विचारलं, "उद्या लावला तर चालेल ना?" सगळ्या खर्चात सीलरचा वाटा आठवा हिस्साही नव्हता. चर आणि बेड यांनीच पैसे खाल्ले, आणि तिथेच ते जायला हवे होते.

काही सवयी घरच्यांनी आपणहून बदलल्या. पणतीखाली आता पितळी ताटली असते. रंगीत रांगोळीसाठी दाराशी कडप्प्याचा वेगळा तुकडा आहे. सडा घालतात, पण बोअरच्या नाही तर नळाच्या पाण्याचा. बोअरचं पाणी रोज शिंपडलं की सुकताना चुन्याचा पांढुरका पापुद्रा ठेवून जातं, आणि लोक त्यालाही डाग समजून पुन्हा अॅसिडकडे वळतात. जांभळाखालच्या सावलीत शेवाळ येतंच, ते कोणतंही सीलर थांबवत नाही. पावसाळ्यात महिन्यातून एकदा खराटा आणि क्वाटर्नरी अमोनियम या शेवाळ मारणाऱ्या रसायनाचं पातळ द्रावण. ब्लीचिंग पावडर कोणी वापरत असेल तर एक गोष्ट कळकळीने सांगतो: तिच्याजवळ अॅसिड कधीही आणू नका. दोन्ही मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो आणि तो माणसाच्या फुप्फुसांना इजा करतो.

पुढच्या दसऱ्याला मी जाऊन आलो. फाटकाबाहेर पाइपाच्या तोंडातून करंगळीएवढी स्वच्छ धार चालू होती. पाऊस थांबून आठवडा उलटला होता. काकू म्हणाल्या, गणपतीपासून ती थांबलेलीच नाही. हे सगळं पाणी आधी फरशीखाली मुक्कामाला असायचं. घराकडच्या भागात, जिथला ढाळ आम्ही बदलला नव्हता, तिथे दोन ठिकाणी पाणी अजून साचतं आणि खराट्याने लोटावं लागतं. ती किंमत ठरवूनच मोजली होती. आजी काथ्याच्या पट्टीशिवाय वृंदावनापर्यंत जातात.

जाण्याआधी भिंतीकडच्या पट्ट्यावर पाच प्लॅस्टिक लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींना घेऊन परत गेलो. तीन कोरडी, एक कडेला जराशी धुरकट. पश्चिमेच्या कोपऱ्यातलं, जांभळाजवळचं, खालून ओलं. मिस्त्रींनी तिथल्या चार फरशांवर खडूने गोल केला. बाकी पट्टा येत्या फेब्रुवारीत सील करायचा, या चार आणखी एक वर्ष उघड्या ठेवायच्या, असं ठरलं आहे.